थंब लागत नाही म्हणजे नक्की काय?

"थंब लागत नाहीये काका. घासला गेलाय तुमचा अंगठा. आधार अपडेट करून या."

आमच्या शेजारच्या काकांनी हे वाक्य पंधरा दिवसांत तीन वेळा ऐकलं. तिन्ही वेळा त्यांनी मान डोलावली आणि घरी आले. तिसऱ्या वेळी गेटवर भेटले तेव्हा अंगठा माझ्यासमोर धरून म्हणाले, "मना आंगठा घसाई गया रे भाऊ." काका मूळचे धुळ्याकडचे. अंबड एमआयडीसीत (नाशिकचं अंबड, जालन्याचं नव्हे, कारण पोस्ट शेअर झाली की हा प्रश्न येतोच) सत्तावीस वर्षं सरफेस ग्राइंडर चालवला. कुलंटमध्ये हात, दगडाची धूळ, हातमोजे असले तरी न घालण्याची सवय. त्यामुळे अंगठा घासला गेला म्हटल्यावर अविश्वास दाखवायचं कारणच नव्हतं. काकूंनीही ते मान्य केलं होतं. मीसुद्धा.

प्रकरण होतं हयातीच्या दाखल्याचं. ईपीएस ९५ ची पेन्शन घेणाऱ्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. दाखला दिल्यापासून एक वर्ष चालतो, तारीख उलटली की पेन्शन थांबते. काकांची तारीख उलटली होती. रक्कम म्हणाल तर हसाल, दोन हजारांच्याही आत. या योजनेत किमान पेन्शन महिना १००० रुपये, आणि हा आकडा सप्टेंबर २०१४ पासून हललेला नाही. पण ज्या घरात औषधांचा खर्च त्याच पैशातून चालतो, त्या घराला त्याची किंमत विचारा.

आता कुणी म्हणेल, चेहरा दाखवून पण होतं की! होतं. नोव्हेंबर २०२१ पासून ती सोय आहे, मोबाईलवरून होते. काकांचा फोन बटणांचा. सूनबाईंचा फोन इतका जुना की ॲप उघडता उघडताच बंद पडायचं. शेवटी केंद्रावर जाऊन बोट टेकवणं हाच मार्ग.

चौथ्या वेळी मी सोबत गेलो. कुठलं केंद्र ते लिहित नाही. चालवणारा मुलगा भला आहे आणि या सगळ्यात त्याचा दोष सगळ्यात कमी आहे. सिडकोतला एक गाळा, बाहेर फ्लेक्स, आत एक टेबल, समोर आठ-दहा माणसं. काकांनी बोट ठेवलं. मशीनवर काही हाललं नाही. स्क्रीनवर लाल अक्षरांत एक ओळ आली आणि मुलाने ती बंद केली. "बघा, नाही लागत."

मी म्हटलं, "बाळा, ती ओळ पुन्हा दाखव बरं."

त्याने पुन्हा केलं. ओळीच्या सुरुवातीला आकडा होता, ७२०. पुढे इंग्रजीत लिहिलं होतं की मशीन तयार नाही.

मशीन तयार नाही! अंगठ्याबद्दल त्या ओळीत एक अक्षर नव्हतं.

इथे थोडं मागे जातो, कारण मला त्या क्षणी १९९८ सालचं आमच्या कंपनीतलं एक दुपार आठवली. मी तेव्हा मेंटेनन्सला नवीन लागलो होतो. सीएनसी लेथला प्रोग्रॅम पाठवायला एक कॉम्प्युटर होता, मागून लांब केबल थेट मशीनपर्यंत गेलेली. त्याच कॉम्प्युटरला साहेबांनी मोडेम बसवून घेतला, हेड ऑफिसला मेल पाठवायला. झालं! मोडेमने डायल करायला सुरुवात केली की माऊस गोठायचा. फोन ठेवला की माऊस जिवंत. दोन माऊस बदलले. तिसरा आणायला सीबीएसला निघालो तेव्हा आमच्या सिनियरने थांबवलं. त्यांनी कॅबिनेट उघडला आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद दाखवला. त्यावर पेनाने लिहिलं होतं: ३ कॉम-२, ४ कॉम-१, ५ साउंड, ६ फ्लॉपी, ७ प्रिंटर, १४ हार्डडिस्क.

"ही घंटांची यादी आहे," ते म्हणाले. "प्रोसेसर म्हणजे फोरमन. त्याच्या केबिनला सोळा घंटा, शून्य ते पंधरा. प्रत्येक पार्टने आपापली घंटा वाजवायची, मग तो बघणार. माऊस कॉम-१ वर, त्याची घंटा चार. तुझा मोडेम बसलाय कॉम-३ वर. त्याची घंटा किती?"

मला माहीत नव्हतं.

"चारच. कॉम-१ आणि कॉम-३ ची घंटा एक. कॉम-२ आणि कॉम-४ ची एक, तीन नंबर. दोघांनी एकच घंटा वाजवली की फोरमनला कळत नाही कोण बोलावतंय."

मोडेमच्या कार्डावरचा प्लास्टिकचा बारीक जंपर काढून दुसऱ्या पिनांवर बसवला, घंटा बदलली, माऊस चालायला लागला. माऊसमध्ये काहीच बिघाड नव्हता. पहिल्या दिवसापासून नव्हता. आम्ही दोन चांगले माऊस भंगारात टाकले होते.

त्या काळात हे रोजचं होतं. विंडोज ९५ ने 'लावा आणि चालवा' असं सांगितलं होतं, पण आमच्यातले लोक म्हणायचे 'लावा आणि देवाला नमस्कार करा'. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ दाखवताना स्कॅनर जोडला आणि मोठ्या पडद्यावर निळा स्क्रीन आला. सगळा हॉल हसला. गेट्स यांनीही हसून वेळ मारून नेली, म्हणूनच अजून बाजारात आणलं नाही म्हणाले. तिथे हसण्यावारी गेलं. आमच्याकडे असं झालं की लेथ उभा राहायचा आणि ऑपरेटरच्या नावाने मेमो निघायचा.

नंतर यूएसबी आलं, जंपर गेले, घंटांची भांडणं विंडोज स्वतःच मिटवायला लागलं. आम्हाला वाटलं हा विषय संपला. संपला नव्हता, त्याने घर बदललं होतं. आता पार्ट घंटेवरून भांडत नाहीत, त्यांचे प्रोग्रॅम दारावरून भांडतात.

ते कसं, तर असं. आधारचं बोटांचं मशीन सरळ वेबसाइटशी बोलत नाही. मध्ये एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला आरडी सर्व्हिस म्हणतात. तो कॉम्प्युटरच्या आतच एका दारावर बसून राहतो. नियमाप्रमाणे ही दारं ठरलेली आहेत, नंबर १११०० ते १११२०. वेबसाइट पहिल्या दारापासून टकटक करत जाते: कोण आहे? तयार आहेस का? प्रोग्रॅमने उत्तर द्यायचं: तयार आहे, किंवा वापरात आहे, किंवा तयार नाही. एकच मशीन असेल तर काही अडचण नाही.

या मुलाकडे दोन होती.

आधार प्राधिकरणाने जुन्या पिढीची मशीन, ज्यांना एल-झिरो म्हणतात, ती बंद करून एल-वन घ्यायला सांगितलं. कारण रास्त आहे. जुन्यात ठशाची कुलूपबंदी कॉम्प्युटरमध्ये व्हायची, नव्यात ती मशीनच्या आतच होते, म्हणजे मधल्या मधे ठसा चोरता येत नाही. मुलाने पदरचे पैसे घालून नवीन घेतलं. पण 'नवीन बिघडलं तर असू दे' म्हणून जुनंही लावूनच ठेवलं, आणि त्याचा प्रोग्रॅमही तसाच. आपल्याकडे जुना मिक्सर कोण फेकतो?

कॉम्प्युटर चालू होताना ज्याचा प्रोग्रॅम आधी उठेल तो पहिलं दार पकडणार. नवा आधी उठला तर दिवसभर काम सुरळीत. जुना आधी उठला तर त्या वेबसाइटला पहिल्या दारावर उत्तर मिळणार, 'तयार नाही', आणि ती पुढचं दार वाजवायची तसदीच घेत नव्हती. स्क्रीनवर ७२०. मुलगा म्हणणार, थंब लागत नाही.

मी त्याला विचारलं, "हे कधी होतं?"

"सकाळी चालतं सर. लाईट जाऊन आली की बिघडतं. मी म्हणायचो सर्व्हर डाउन असेल."

लाईट जाऊन आली की कॉम्प्युटर पुन्हा चालू होतो आणि दारासाठी पुन्हा शर्यत लागते. अंबडला लाईट किती वेळा जाते हे मी तुम्हाला सांगायला नको. काका तिन्ही वेळा दुपारी जेवून गेले होते.

त्याची परवानगी घेऊन बसलो. रांगेतल्या लोकांची माफी मागितली, एकाने शिव्याही घातल्या, चूक नव्हती त्याची. सिनियरने १९९८ ला शिकवलेलंच केलं. आधी सगळं काढायचं, मग एकेक लावायचं. माऊस आणि कीबोर्ड सोडून बाकी सगळं उपटलं. टेबलाखाली एक चार तोंडाचा यूएसबी हब निघाला, स्वतःची वीज नसलेला, शंभर-दीडशे रुपयांना मिळतो तो. त्यावर दोन्ही बोटांची मशीन, वेबकॅम आणि प्रिंटर. कॉम्प्युटरच्या एका यूएसबी तोंडातून पाचशे मिलिॲम्पियर मिळतात. असा बिनविजेचा हब त्यातले थोडे स्वतः खातो आणि चार जणांना शंभर-शंभर वाटतो. चार भावांत एक भाकरी. वेबकॅम चालू झाला की बोटाचं मशीन मान टाकणार यात नवल काय!

मग डिव्हाइस मॅनेजर उघडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक केलं की यादीत दिसतं. त्यात वर 'व्ह्यू' आहे, तिथे 'शो हिडन डिव्हायसेस' निवडलं की भुतं दिसतात. एकेकाळी जोडलेली, आता नसलेली उपकरणं, फिकट रंगात. त्याच्याकडे एकाच जुन्या मशीनच्या पाच नोंदी होत्या. पोर्ट बदलला की विंडोज बऱ्याचदा त्याला नवा पाहुणा समजून पुन्हा नाव लिहितं. एकीवर पिवळं चिन्ह. जुन्या मशीनच्या नोंदी काढल्या, त्याचा प्रोग्रॅम काढला, मशीन कॅरीबॅगेत बांधून कपाटावर ठेवलं. नवं मशीन हबला न लावता थेट कॅबिनेटच्या मागच्या बाजूला लावलं. कॉम्प्युटर बंद-चालू केला, एकदा नव्हे तीनदा, मुद्दाम. तिन्ही वेळा मशीन तयार.

चाळीस मिनिटं गेली सगळी मिळून.

काकांना बोलावलं. त्यांनी उजवा अंगठा ठेवला. आकडा आला ३००.

सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. मुलगा हळूच म्हणाला, "सर, आता?"

आता खरं उत्तर आलं होतं. ३०० म्हणजे मशीनने ठसा घेतला, पाठवला, तिकडे आधारच्या सर्व्हरने तपासला आणि सांगितलं की जुळत नाही. म्हणजे काकांचा उजवा अंगठा खरंच घासला गेलाय! ज्या गोष्टीला आम्ही पंधरा दिवस कारण समजत होतो ती खरी होती, पण पंधरा दिवसांत त्या अंगठ्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्याचा ठसा नाशिकच्या बाहेरही गेला नव्हता.

आणि आधारमध्ये नुसता अंगठा नसतो. नोंदणीच्या वेळी दहाही बोटं घेतलेली असतात, पुढे त्यातलं कुठलंही एक जुळलं तरी चालतं. ग्राइंडरवर उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं जॉबला लागतात. डावा हात बऱ्यापैकी वाचलेला असतो. हात पुसून, थोडी फुंकर मारून, डाव्या हाताची अनामिका ठेवायला सांगितली. पहिल्याच वेळेला झालं. प्रमाणपत्राचा नंबर आला. काकांनी ते बोट उलटसुलट करून बघितलं, जणू आजच उगवलंय.

हे सगळं इतकं लांबण लावून का लिहितोय? कारण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाहीये. आमच्या कंपनीत जॉब रिजेक्ट झाला की क्वालिटीवाला ऑपरेटरवर ओरडायचा, हे खरं. पण ओरडण्याआधी तो मायक्रोमीटर हातात घेऊन त्याच्यावरचं कॅलिब्रेशनचं स्टिकर बघायचा. तारीख उलटली असेल तर आधी स्लिप गेज लावून मायक्रोमीटर तपासायचा. मोजणारं साधन बरोबर आहे हे ठरल्याशिवाय माणसाला दोष द्यायचा नाही, ही पद्धत अंबडच्या साध्या दहा माणसांच्या वर्कशॉपलासुद्धा माहीत आहे. तोच कामगार रिटायर होऊन सरकारी कामाला गेला की त्याच्या वाट्याला ही पद्धत येत नाही. तिथे मोजणारं साधन नेहमी बरोबर, चूक अंगठ्याची.

बोट जुळलं नाही तर काय करायचं याचे नियम आहेत बरं का. रेशन आणि इतर योजनांसाठी आधार प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ मध्ये परिपत्रक काढलं, की ठसा जुळला नाही म्हणून माणसाला परत पाठवू नका, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवा आणि तशी नोंद ठेवा. सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आधारवरच्या निकालातही हा मुद्दा आहे. चांगलं आहे. पण यात गृहीत धरलंय की बोट तरी तपासलं गेलं. मशीन मशीनशी भांडलं आणि बोटापर्यंत गोष्ट पोचलीच नाही, तर ते कुठल्या रकान्यात लिहायचं? लिहितच नाहीत. वहीत, तोंडी, सगळीकडे एकच शेरा, थंब लागत नाही.

मुलाचं म्हणणंही ऐका. मशीन त्याने स्वतः विकत घेतलं. एका कामामागे त्याला जे मिळतं त्यात गाळ्याचं भाडं कसंबसं निघतं. हेल्पलाईनला फोन केला तर 'अनइन्स्टॉल करून पुन्हा टाका' एवढंच. ७२० म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि काही वेबसाइट तर आकडा दाखवतही नाहीत, नुसतं 'अयशस्वी'. २०२४ ला लाडकी बहीणची गर्दी होती तेव्हा हाच मुलगा रात्री बारापर्यंत बसलेला मी पाहिलाय. त्याला आळशी म्हणणारा मी नाही.

तर आता कामाचं. पुढच्या वेळी कुणी 'थंब लागत नाही' म्हणालं तर शांतपणे आकडा विचारा. ३०० असेल तर दुसरं बोट लावा, दहा आहेत. ७०० च्या घरातला असेल तर तुमचा ठसा आधारपर्यंत गेलेलाच नाही. ७१० म्हणजे मशीन दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रॅमने धरून ठेवलंय. ७२० म्हणजे मशीन तयार नाही. ७४० म्हणजे ते पुन्हा सुरू करावं लागेल. ७०० (वेळ संपली) आणि ७३० (ठसा टिपता आला नाही) या दोन्हीत कधी कधी कोरड्या किंवा ओल्या बोटाचाही हात असतो, म्हणून हात धुऊन, पुसून एकदा पुन्हा बघा. बाकीच्यात हात धुऊन काही होणार नाही.

सर्व पक्षांच्या इच्छुकांना एक सूचना. आपल्या भागात दर दोन महिन्यांनी कुणाचं तरी आधार शिबिर, पेन्शन शिबिर असतं. मंडप येतो, फ्लेक्स येतो, फोटोग्राफर येतो. त्या मंडपात एक मेंटेनन्सचा माणूस पण बसवा. अंबडमध्ये रिटायर झालेले असे शेकड्याने आहेत, चहावर येतील. आणि प्रत्येक केंद्राने 'नाही झालं' म्हणताना आकडा आणि वेळ कागदावर लिहून द्यावा, एवढी मागणी आपण सगळ्यांनी लावून धरू या. काकांकडे असे तीन कागद असते तर तिन्हीवर ७२० दिसला असता आणि मला चाळीस मिनिटं रांगेच्या शिव्या खाव्या लागल्या नसत्या.

काकांची पेन्शन पुढच्या महिन्यात आली, थांबलेली धरून. काकूंनी पुरणपोळी पाठवली होती.

केंद्र चालवणाऱ्यांसाठी: मी रविवारी सकाळी मोकळा असतो. पाथर्डी फाटा, उत्तमनगर, चुंचाळे, जवळपास कुठेही येईन, इनबॉक्समध्ये कळवा. पैसे घेत नाही. फक्त मी यायच्या आधी टेबलाखालचा तो हब काढून ठेवा.